वडील मला अजून ‘कंपनीतच’ ठेवतात: चाळिशीला आल्यावर शाबासकी कशाला हवी असते?

स्पिंडल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

वय ३९, शिक्षण मेकॅनिकल. हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत दहाएक वर्षं काढली. मग राजीनामा दिला, भोसरीत गाळा भाड्याने घेतला आणि सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनचे स्पिंडल, म्हणजे त्यातले फिरणारे दांडे, दुरुस्त करायला लागलो. हाताखाली चार मुलं आहेत. चाकण-तळेगावचं काम येतं. पगाराइतके पैसे सुटतात. कधी जास्त, कधी बिलं अडकली की ओढाताण.

अण्णा (वडील) पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याला असतात. ते अजूनही लोकांना सांगतात, “थोरला पुण्यात कंपनीत आहे.” तसं खोटं नाही, पण त्यांच्या डोक्यात कंपनी ती जुनीच. मागे पुण्याला आले तेव्हा हट्टाने गाळ्यावर घेऊन गेलो. एक जर्मन स्पिंडल नुकताच जोडून झाला होता. टेपरमध्ये टेस्ट बार बसवून, डायल लावून दाखवलं, रनआउट (फिरताना होणारी डगमग) तीन मायक्रॉनच्या आत. अंदाज यावा म्हणून डोक्याच्या केसाची जाडी किती मायक्रॉन असते तेही सांगितलं. अण्णा सगळीकडे फिरले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “इथं पंखा लावून घे. फार उकडतंय.”

संपलं. बाकी एक शब्द नाही.

अण्णांबद्दल तक्रार नाही, ते तसेच आहेत. प्रश्न माझ्याबद्दल आहे. गिऱ्हाईक म्हणतं काम चोख, बायको म्हणते, मलाही ते कळतं. मग त्या एका माणसाने म्हटलं नाही तर एवढं का लागावं? तुमचं कसं आहे?

रिकामटेकडा
पंखा लावलात का?

स्पिंडल
दुसऱ्याच दिवशी. तिथेच तर गोची आहे.

मोगरा
अहो, हेच तर त्यांचं कौतुक! त्या पिढीच्या वडिलांना ‘छान केलंस’ म्हणता येत नाही, ते पंखा लाव म्हणतात, स्वेटर घाल म्हणतात, गाडीत हवा आहे का विचारतात. वाचून डोळे भरून आले. तुम्ही भाग्यवान आहात.

फटकळ
मोगरा, रागावू नका, पण या मुक्या प्रेमाच्या आरत्या आता पुरे. बाप बोलला नाही की ते प्रेम, ओरडला की काळजी, आणि अर्थ लावत बसायचं पोरांनी. स्पिंडलभाऊंचे हेच अण्णा शेजारचा मुलगा तलाठी झाला तर पेढे घेऊन जातील आणि चार वाक्यंही बोलतील. म्हणजे बोलता येतं. कुणाशी बोलायचं ते ठरलेलं असतं.

स्पिंडल
तलाठी नाही, ग्रामसेवक. आणि पेढे त्यांनी आणले होते, अण्णांनी त्याला पाकीट दिलं. बाकी सगळं बरोबर. तुम्ही आमच्या आळीत राहता का?

फटकळ
सगळ्या आळ्या सारख्याच असतात.

गिरणगावकर
मी दुसऱ्या बाजूने सांगतो.

आमचे बाबा लालबागच्या एका गिरणीत. आधी कितीतरी वर्षं बदली कामगार. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी आत. काम नसेल तर परत घरी. त्यातून बाबा कायम झाले आणि थोड्याच वर्षांत १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी नंतर एका सोसायटीत रात्रपाळीची वॉचमनकी केली. आई खानावळीचे डबे करायची.

मी सरकारी नोकरीला लागलो, वर्ग ३. बाबांनी खातं कुठलं, काम काय, साहेब कसा, काही विचारलं नाही. एकच प्रश्न, “कायम केला का तुला?” परिविक्षा संपल्याची ऑर्डर आली तेव्हा ती लॅमिनेट करून आणली. माझं पदवीचं सर्टिफिकेट अजून गुंडाळलेलंच आहे, ऑर्डर मात्र भिंतीवर.

मला काय वाटतं, स्पिंडल, तुमच्या अण्णांनी मशिन बघितलंच नसेल. ते गाळ्याच्या भाड्याकडे बघत असतील. ज्याच्या डोळ्यांसमोर कामधंदा गेलाय, किंवा ज्याने शेजाऱ्यापाजाऱ्याचा जाताना पाहिलाय, त्याला तीन मायक्रॉन दिसत नाहीत. पुढच्या महिन्याची एक तारीख दिसते.

निफाडकर
गिरणगावकर, एक नंबर.

पेठी
घाबरून कोणाचंच भलं झालेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवत होते. बढती डावलली म्हणून नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींचं दुकान काढलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांनी कोणाच्या शाबासकीची वाट पाहिली असती तर महाराष्ट्राला लोखंडी नांगर मिळाला असता का?

रिकामटेकडा
पेठीकाका, ज्यांची सायकलची दुकानं बुडाली त्यांची चरित्रं कोणी छापत नाही. ती आमच्या घरी तोंडी सांगतात. मोठ्या मामाचं नाव घेऊन.

पेठी
मुद्दा मान्य. मामांना नमस्कार.

हिशेबनीस
एक गोष्ट कोणी बोलत नाहीये, ती म्हणजे पैसे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि कारकून, शिक्षक, बागायतदार यांच्या पोरांना दार उघडलं. पण फी भरून. आमच्या पिढीतल्या किती जणांच्या वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, आईच्या पाटल्या गेल्या, हे आठवा. त्या पैशातून ‘कंपनीत आहे’ हे वाक्य विकत घेतलं होतं. तुम्ही राजीनामा दिलात म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते वाक्य परत केलंत. शाबासकी राहू दे, आधी वही तरी जुळायला हवी.

फटकळ
मुलगा म्हणजे मुदतठेव आहे का?

हिशेबनीस
नाही, तिच्यावर व्याज मिळतं.

खारूताई
मी महापालिकेच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स होते, आता इन्चार्ज आहे. तुम्हाला सगळ्यांना निदान ‘नोकरी कुठली’ यावरून बोलणी तरी बसतात. माझ्या वाट्याला कीव येते. भाऊ इंजिनिअर, त्याचं घरी कौतुक. मी डबल ड्युटी करून आले की आई म्हणणार, “किती धावपळ गं तुझी. सासरच्यांना चालतं ना?” तीस वर्षांच्या मुलाला व्हेंटिलेटरवरून काढून चालत घरी पाठवलं, ते सांगायला गेले तर म्हणे, बाई, जेवून घे आधी.

२२ मार्च २०२०, संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या. आमच्या आईने गॅलरीत उभं राहून जोरजोरात वाजवली. शेजारणीने व्हिडिओ पाठवला म्हणून मला कळलं. त्याच रात्री तिचा फोन आला, “तू सोड ती नोकरी आणि घरी ये.”

मला राग आला नव्हता हो. पण थाळी नक्की कुणासाठी वाजवली, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

मोगरा
खारूताई, काय बोलू. आईची भीती असेल ती.

खारूताई
भीतीच होती, ते मला कळतं. पण मी कामात चांगली आहे हे तिला माहीत असतं, तर जरा कमी घाबरली असती.

फटकळ
हे वाक्य शंभर वेळा वाचावं असं आहे.

तासिकावाला
आता उलटा केस ऐका. माझ्या वडिलांना माझा प्रचंड अभिमान आहे. आणि तोच नको झालाय.

मी तासिका तत्त्वावर प्राध्यापक आहे. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालंय, पीएच.डी. झालीय. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, तेही कधी चार-पाच महिन्यांनी एकदम. दर वर्षी नव्याने मुलाखत, समोर तेच लोक, तेच प्रश्न. वडील गावात ‘आमचे प्राध्यापक’ म्हणून हाक मारतात. चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावाआधी ‘प्रा. डॉ.’ छापलं. ज्या लग्नाची ती पत्रिका, तिथे आहेर करायला मी मित्राकडून उसने घेतले होते.

स्पिंडलसाहेब, तुमचं काम खरं आहे आणि नाव नाही. माझ्याकडे नावच आहे. अदलाबदल करायची?

स्पिंडल
सर, तुम्हाला ग्रीसचा वास सोसेल का?

तासिकावाला
थकीत मानधनापेक्षा सोसेल.

रिकामटेकडा
अवांतर: लग्नपत्रिकेवरून आठवलं. आमच्याकडे सगळ्या भावंडांच्या नावापुढे कंसात शिक्षण छापायची पद्धत. बी.ई., एम.बी.ए., एम.एस. (यू.एस.ए.) वगैरे. माझी तेव्हा दुसऱ्यांदा बारावी चालू होती. काकांनी खूप विचार करून माझ्या नावापुढे कंसात ‘पुणे’ छापलं.

पेठी
हसून हसून ठसका लागला. ‘पुणे’ ही पदवीच आहे तशी.

सनीव्हेल
बे एरियातून लिहितोय. मार्चमध्ये माझी नोकरी गेली. एच-१बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) वर असाल तर नोकरी संपल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, नाहीतर गाशा गुंडाळायचा. वेळेत मिळाली, आता ठीक आहे. पण त्या काळात आई-बाबांना सांगितलं नाही. दर रविवारी त्यांची सकाळ असते तेव्हा व्हिडिओ कॉल व्हायचा. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो, रविवारी कोण इस्त्रीचा शर्ट घालतं हा विचार न करता. बाबा विचारायचे, “काम काय म्हणतंय?” मी म्हणायचो, “बिझी.”

अजून सांगितलेलं नाही. आता तर नोकरी आहे, सांगायला काय हरकत? तरी होत नाही. आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, तिथे बाबांचं वजन माझ्यामुळे आहे असं त्यांना वाटतं. ते काढून घ्यायचा मला काय अधिकार?

ठाणेकर
मानसशास्त्राच्या बाजूने थोडं लिहितो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिच्यात माणसाला छळणाऱ्या समजुतींपैकी एक हीच आहे: महत्त्वाच्या व्यक्तींनी मला मान्यता दिलीच पाहिजे. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धती रुजवली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ती मराठी घरांत पोहोचली.

वडिलांनी कौतुक करावं ही इच्छा निरोगी आहे. ‘केलंच पाहिजे, नाहीतर माझ्या कामाला अर्थ नाही’ ही मागणी झाली की त्रास सुरू होतो. आणि एलिस यांचा पुढचा मुद्दा अवघड आहे. स्वतःला एकूण गुण देणंच बंद करा, असं ते म्हणतात. कामाला गुण द्या, माणसाला नको. स्पिंडल तीन मायक्रॉनमध्ये आला, ठीक. उद्या दहा आला तर तो उघडून परत बसवायचा. त्यात ‘मी कसा आहे’ हा प्रश्न येत नाही.

निफाडकर
ठाणेकरभाऊ, हे ऐकायला गोड आहे. पण ज्या घरात पहिलीपासून प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला बापापुढे उभं राहिलो, तिथे ‘गुण देणं बंद करा’ म्हणजे अवघड काम आहे राव.

आमचं सांगतो. द्राक्षबाग आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ हे आमच्या बापाला पाठ होतं, पण मला सातपूरला चिकटवायला त्याने कुणाकुणाचे पाय धरले नाहीत ते विचारा. काही वर्षं केली मी नोकरी. परत आलो तर दादा (वडील) महिनाभर नीट बोलले नाहीत. शिकून मातीत आला, लोक काय म्हणतील, पोरगी कोण देईल. पोरगी मिळाली, ती वेगळी कथा.

मी ऑक्टोबर छाटणीचं वेळापत्रक बदललं, डाऊनी रोगाच्या फवारण्या पानावरचा ओलावा बघून घ्यायला लागलो, युरोपच्या रेसिड्यू (फळात उरलेला औषधाचा अंश) चाचणीत माल पास करून नेदरलँडला कंटेनर गेला. दादा तरी गप्प. मला जाम लागायचं, स्पिंडलभाऊंसारखंच.

आणि मग एका हंगामात दादा सगळ्यांदेखत म्हणाले, “बाग याने राखली.” खरं सांगू? काहीच वाटलं नाही. तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की छाटणीतलं त्यांचं जुनं ज्ञान आणि माझं नवं, यांचा मेळ नाही. ज्याला परीक्षेचा पेपरच माहीत नाही त्याच्याकडून शंभरपैकी शंभर मिळाले. आनंद आईला झाला, तिने पुरणपोळ्या केल्या, त्या मात्र भारी होत्या.

रिकामटेकडा
धाग्यावरचं पहिलं ठोस उत्तर: पुरणपोळी.

शालिनीमावशी
मी सत्तरी ओलांडलेली बाई, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, नंतर शाखा वाढल्या आणि आमच्यासारख्या पुष्कळ मुली बँकेत लागल्या. तुम्ही सगळी मुलं लिहिताय, आता पालकांच्या बाकावरून बोलते.

माझ्या दोन्ही मुलांनी मला कधीही विचारलं नाही की आई, तू बँकेत दिवसभर काय करायचीस. ‘आई बँकेत आहे’ एवढंच त्यांना पुरलं. संगणक यायच्या आधी आम्ही लेजर हाताने लिहायचो. संध्याकाळी मेळ बसला नाही तर घरी जायचं नाही. काही पैशांचा फरक असला तरी सगळी व्हाउचर्स पुन्हा चाळायची. मला तो फरक नजरेने सापडायचा. आकडा उलटा पडलाय का, दोनदा घेतलाय का, हे व्हाउचरचा गठ्ठा बघूनच कळायचं. दुसऱ्या शाखेतून मला बोलवायला यायचे. हे माझ्या घरात आजही कोणाला माहीत नाही. तुम्ही पहिले.

स्पिंडल, तुम्ही ३९ वर्षांचे आहात. अण्णा खात्यात नक्की काय करत होते, सांगू शकाल?

स्पिंडल
मावशी, बरंचसं सांगू शकेन, थोडंसं नाही. धोम धरणाच्या कालव्यांवर होते. आवर्तन (कालव्याचं पाणी) सुटायच्या आधी शेतकऱ्यांचे पाणी मागायचे नमुना सातचे अर्ज यायचे, ते लावायचे, थकबाकी बघायची, पाळीपत्रक, म्हणजे कुणाला पाणी कधी ते, तयार करायचं. लहानपणी जेवताना घरी कोणीतरी यायचंच, पाणी आधी मिळावं म्हणून. अण्णा हात धुऊन बाहेर जायचे, तेच उत्तर द्यायचे आणि परत येऊन थंड झालेलं जेवायचे. ते चांगले कारकून होते की नव्हते, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

निफाडकर
मी सांगतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारा. हेडवाल्यांनी पाणी उपसलं की टेलला थेंब येत नाही. पाळीपत्रक लावणारा माणूस जेवता जेवता उठून सगळ्यांना तेच उत्तर देत असेल, तर टेलचे लोक त्याचं नाव विसरत नाहीत. आमच्या कालव्यावर असा माणूस मिळता तर बोअर घ्यावी लागली नसती.

फटकळ
थांबा थांबा. गाडी परत ‘मुलांनीच समजून घ्यावं’ या स्टेशनावर चाललीय. मावशी, तुमचं काम वाचून मला खरंच भारी वाटलं. पण तुम्ही मुलांना का नाही सांगितलंत?

शालिनीमावशी
स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? वाट बघितली, विचारतील म्हणून.

फटकळ
बघा. म्हणजे दोन्ही बाकांवर सगळे वाट बघत बसलेत.

गिरणगावकर
माझ्याकडूनही एक. बाबांना ‘कायम’ म्हणजे पेन्शन वाटते. राज्यात १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मी २००७ चा. २०२३ च्या मार्चमध्ये त्यासाठी संपावर गेलो तेव्हा बाबांना सांगितलं, रजा टाकलीय. संप हा शब्द आमच्या घरात काढत नाहीत. सनीव्हेल, तुम्ही एकटे नाही.

सनीव्हेल
तुमचं वाचून फोन हातात घेतला होता. मग वाटलं तिथे रात्रीचे दोन वाजलेत. उद्या.

ठाणेकर
उद्या रविवार आहे. साधा टी-शर्ट घाला.

स्पिंडल
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर एक व्यावहारिक भर. पुढच्या महिन्यात भाच्याचा साखरपुडा आहे, अण्णा परत मला ‘कंपनीत’ ठेवणार. तिथल्या तिथे दुरुस्त करावं का? बायको म्हणते गप्प बस. धाकटा भाऊ म्हणतो, व्हिजिटिंग कार्ड वाट.

हिशेबनीस
कार्ड वाटा. कार्यात गाठी पडतात, कामं येतात. भावना बाजूला, धंदा होईल.

शालिनीमावशी
चारचौघांत वडिलांचं वाक्य खोडू नका. त्याआधी कधीतरी साताऱ्याला गेल्यावर एकट्याने बसून साधं सांगा, “अण्णा, मी कंपनीत नाही, माझं वर्कशॉप आहे, लोकांना तसं सांगत जा.” चिडतील किंवा चिडणार नाहीत. आणि जमलं तर पाळीपत्रकाचं विचारा.

फटकळ
मावशींना अनुमोदन. फक्त क्रम बदला. आधी स्वतःचं सांगा, पाळीपत्रक नंतर. नाहीतर आवर्तनाच्या गप्पांत तुमचं राहून जाईल आणि येताना गाळ्यासाठी दुसरा पंखा घेऊन याल.

तासिकावाला
+१

निफाडकर
स्पिंडलभाऊ, एक काम होतं. आमच्या कोल्ड स्टोअरेजच्या कॉम्प्रेसरची मोटर आवाज करतेय. बेअरिंगचाच असावा. तुम्ही करता का?

स्पिंडल
मोटरी सहसा घेत नाही. आवाज लोड असताना येतो की नुसती फिरतानाही? व्हिडिओ काढून व्यनि (खासगी निरोप) करा. नाशिकात करणारा एक ओळखीचा आहे, त्याचा नंबर देतो.

रिकामटेकडा
शालिनीमावशी, तुमच्याशीही काम होतं. आमच्या सोसायटीचा हिशेब गेल्या वर्षापासून सातशे वीस रुपयांनी जुळत नाहीये.

शालिनीमावशी
७२० ला ९ ने भाग जातो. कुठेतरी आकडे उलटे पडले असतील. शेकडा आणि दहं बघा.